उलटा त्रिकोण

पडदा वर गेला आहे असं समजा. समोर अंधशाळेच्या आवारातली सुताराची खोली, जमिनीवर भुश्शाचा गालिचा, आणि टेबलाशी आमचे खिळेमामा. काम करताना तोंडात चार खिळे धरतात, म्हणून हे नाव. तीस वर्षं त्यांनी आमच्या नाटक मंडळीचे राजवाडे उभे केले. मंडळी बंद पडली तसे आम्ही नट घरी बसलो. मामा इथे बाकं दुरुस्त करू लागले, आणि मंडळीतला कायमचा राजा मी, रोज त्यांच्याजवळ येऊन बसू लागलो.

नववीतल्या एका मुलीने त्यांना गाठलं. तिला भूमिती घ्यायची होती. मुख्याध्यापिकांची अट एकच: आठ दिवसांत आकृती स्वतः काढून दाखव, नाहीतर विषय सोड.

मामांनी फळीवर जाड कापड ताणलं, वर कागद लावला. टोच्याने टोचलं की मागच्या बाजूला उठाव येई. मुलीने त्रिकोण काढला, कागद उलटवला, बोटं फिरवली.

"मामा, काटकोन मी डावीकडे काढला होता. हा उजवीकडे गेला."

"जाईना का. त्रिकोण तर आहे."

"आणि काढताना हाताला काहीच लागत नाही. तुम्ही डोळे मिटून फळी कापता का?"

मामा म्हणजे जन्मभर देखाव्यांच्या पाठीमागे उभं राहून काम केलेला माणूस. त्याला उलटं तेच सुलटं. मला हसू आलं.

"राजेसाहेब," ते म्हणाले, "दात नंतर दाखवा. ती सायकलची ट्यूब द्या इकडे."

कापडाऐवजी फळीवर ताणलेली ट्यूब सुरकुतली. जाड रबर दाद देईना. सहाव्या दिवशी मऊ रबर मिळालं. त्यावर पातळ प्लास्टिक पसरून शाई संपलेलं बॉलपेन दाबून ओढलं, की रेघ तिथल्या तिथे, वरच उठे. पट्टीला आणि कोनमापकाला मामांनी बोटाला लागतील अशा खाचा पाडल्या.

आठव्या दिवशी मुलीने मुख्याध्यापिकांसमोर त्रिकोण काढला. उजव्या हातात पेन, डाव्या हाताचं बोट रेघेच्या मागोमाग. बाईंनी कोन मोजला.

"साठ सांगितले होते. अठ्ठावन्न आलेत."

"पुन्हा काढू?"

"काढशीलच की, वर्षभर." बाईंनी अर्जावर सही केली.

काठी टेकत ती तडक मामांकडे आली आणि सगळं सांगितलं, ते दोन अंशसुद्धा. मामांनी कोनमापक घेऊन एकेक खाच नखाने चाचपली.

"तुझे चुकले की माझे, ते आधी बघू. बस इथे."