बंद दारामागचे बदामाचे घास

दारावर दुसऱ्यांदा थाप पडली तेव्हा मी हातापायांवर रांगत होते. उभं राहता येत नव्हतं. माझी पाच वर्षांची मुलगी शेगडीपासून दोन हातांवर आडवी पडली होती. तोंड उघडं, लाळ गालावरून फरशीवर. मी तिला हलवलं तर तिचं डोकं माझ्या हातातून घरंगळलं आणि फरशीवर आपटलं. ती रडली नाही.

बाहेरून सासूचा आवाज आला. आमच्यात सासूला आत्या म्हणतात.

"दार काड की गं. भर दुपारी कडी लावून झोपलीस व्हय?"

उजवीकडं दार होतं. डावीकडं पाट्याजवळ ताटलीत दोन अंड्यांची टरफलं पडली होती. दोन्हीकडं जाण्याएवढी ताकद अंगात नाही, हे मला कळत होतं. मी टरफलांकडं गेले.

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. विचारणारी माणसं गेली, म्हणून आता लिहिते. चौथीपर्यंत शिकलेय, तेवढं लिहिता येतं.

आमचं घर लिंगायताचं, सोलापुरात. मालकांची ज्वारीची अडत, ते सकाळी जायचे ते दिवेलागणीला यायचे. घरात आत्या, मी आणि मुलगी. गळ्यात लिंग बांधलेलं, सकाळी पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी नाही. अंडं आणणं तर सोडाच, त्याचं नाव कुणी घरात काढत नव्हतं. दुष्काळ सरून एक-दोन वर्षं झाली होती. मला सहावा महिना चालू होता. दोन घागरी आणल्या की डोळ्यापुढं अंधारी यायची. नखं पांढरी पडली होती.

आमच्याच गल्लीत एक नर्सबाई भाड्यानं राहायच्या. एकट्या. त्यांनी एकदा माझी पापणी खाली ओढून बघितली.

"तुझ्यात रक्तच नाही. रोज एक अंडं खा."

"आमच्यात चालत नाही."

"पोटातल्याला चालतंय का, त्याला विचार."

त्यांच्या खोलीत एकदा उकडलेलं खाल्लं आणि त्यांच्याच मोरीत ओकले. मग त्यांनी बदामाचं काढलं. बदाम भिजवून सोलायचे, पाट्यावर वाटायचे, पिठीसाखर आणि फेटलेलं अंडं घालायचं, छोटे गोळे करून भाजायचे. त्यांनी एकदा आपल्या ओट्यावर शेगडी ठेवून मला करून दाखवले. अंड्याचा वास बदामाखाली दबला होता. मी चार खाल्ले, चारही पोटात राहिले.

"सुपारीएवढेच कर," त्या म्हणाल्या. "कुणी आलं तर एका घासात गिळता येतील."

बदाम घरात होतेच. आत्यांनीच आणले होते माझ्यासाठी, बाळाचं डोकं चांगलं व्हावं म्हणून. रोज पाच मोजून हातावर ठेवायच्या आणि मी चावून संपवेपर्यंत समोर बसायच्या. मी दोन खायचे, तीन गालात धरायचे, त्या वळल्या की पदराच्या गाठीत. असे पंधरा-वीस दिवस साठवले.

आत्यांची लेक वळसंगला दिली होती. त्या दुपारी आत्या तिच्याकडं मुक्कामाला म्हणून जेवून निघाल्या. त्यांची पाठ वळली तशी मी नर्सबाईंकडून दोन अंडी आणली. कापसात गुंडाळून, डब्यात घालून. टरफलं कागदात बांधून त्यांनाच परत द्यायची असं ठरलं होतं.

त्यांचा ओटा मागच्या अंगाला होता, तिथं कुणाची नजर पोचत नव्हती. आमचा ओटा गल्लीवर. म्हणून मी आतल्या खोलीत शेगडी पेटवली. लाकूड धूर करतं आणि धूर चार घरांना सांगतो, म्हणून मुद्दाम कोळसा घेतला. कोळशाला धूर नाही, म्हणजे काही भीती नाही, असा माझा हिशेब. जाड पातेल्याच्या बुडाशी वाळू, वाळूवर वाटी उपडी, वाटीवर गोळ्यांची ताटली, वर झाकण आणि झाकणावरही निखारे. दाराला कडी घातली. दाराखालच्या फटीत ओलं पोतं कोंबलं. खिडकी लावली. आमचं घर माळवदाचं, वर मातीचं सपाट छत. खोलीतला धूर जायला त्याला एक भोक असतं. माळवदावर बायका मिरच्या वाळत घालायच्या, तिथून वास जाईल म्हणून त्या भोकावरही आधीच जाऊन पोतं टाकून आले होते.

मुलीला सांगितलं, "कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. आजीनं मारली तरी."

"का?"

"बदामाचं पाहिजे ना? मग गप बसायचं."

ती चिंचोके मांडून गप बसली. पहिली ताटली चांगली निघाली. वरून तांबूस, आत मऊ. तिला दोन दिले, मी पाच-सहा खाल्ले. दुसरी ताटली आत ठेवली. थोड्या वेळानं ती म्हणाली, "आई, डोकं दुखतंय." माझंही दुखत होतं. मला वाटलं ऊन, बंद खोली, पोटुशी बाई. म्हटलं, "पड जरा." तिनं आणखी एक मागितला, दिला. तो तिच्या मुठीतच राहिला.

तिसऱ्या ताटलीचे गोळे वळताना बोटं ऐकेनात. कानात घूं आवाज. बसल्या जागी झोप यायला लागली. तेवढ्यात दारावर पहिली थाप पडली आणि आत्यांची हाक आली. मी मुलीकडं बघितलं. ती आजीच्या आवाजानं उठायला पाहिजे होती. इतर दिवशी धावत जायची. मला वाटलं, सांगितल्याप्रमाणं गप पडलीय. शहाणी आहे. असं वाटलं मला.

मग तिला हलवलं ते वर लिहिलंय.

टरफलं मी शेगडीत टाकली. ती जळून त्यांचा घाण वास सुटला, आतली ताटलीही करपत होती. बाहेर आत्या बोलत होत्या. गाडीत पाय ठेवायला जागा मिळाली नाही म्हणून स्टँडवरून परत आल्या होत्या.

"काय जळतंय गं? ऐकू येतंय का न्हाय?"

मी दाराकडं निघाले. खरंच निघाले होते. कडी दिसत होती. दोन पावलांवर हात घसरले आणि मी पोटावर पडले. आत्यांना हाक मारायची होती, जीभ हलली नाही. मला दोन भीती होत्या. मुलगी मेली ही एक. आणि आत्या आत येतील ही दुसरी. दुसरी तेव्हासुद्धा गेली नव्हती.

पुढचं त्यांनी आणि नर्सबाईंनी सांगितलं ते. आत्या साठीच्या, अंगानं जड, गुडघ्यांनी अधू. दार उघडेना म्हणून त्या बाहेरच्या जिन्यानं माळवदावर चढल्या, भोकावरचं पोतं ओढलं आणि खाली वाकून बघितलं. त्यांना नात दिसली. मग त्या वरूनच ओरडल्या. नर्सबाईंची रात्रपाळी झाली होती, मला अंडी देऊन त्या पुन्हा झोपल्या होत्या, त्या तशाच धावल्या. शेजारच्या माणसानं दाराच्या फटीतून उलथणं घालून कडी उचलली.

मला जाग आली ती ओट्यावर. डोकं फुटत होतं. नर्सबाई मुलीच्या तोंडाला तोंड लावून वारा भरत होत्या. तिचा एक पाय ओट्यावरून खाली लोंबत होता. आजूबाजूला बायका जमल्या होत्या.

"कशानं झालं?" कुणी विचारलं.

"कोळशानं," आत्या म्हणाल्या. "बदाम भाजत हुती माज्यासाठी. चला, वारा येऊ द्या तिला."

टांग्यातून दवाखान्यात नेलं. आत्यांच्या मांडीवर मुलगी, मी नर्सबाईंच्या खांद्यावर. टांगा हलला की मुलीची मान हलायची, थांबला की थांबायची. मी तिच्या नाकापुढं बोट धरून होते. श्वास आहे वाटायचा, मग वाटायचं वाराच आहे. डॉक्टरांनी विचारलं दार का बंद होतं, तर मी म्हटलं उन्हाची झळ येत होती. तिथंही खोटं.

तिच्या तोंडाला नळी लावली. दिवे लागले तरी ती जागी झाली नाही. मालक आले, भिंतीला टेकून उभे राहिले. आत्या माझ्या कानाशी वाकल्या.

"अंडी कुणी दिली?"

"कुणी नाही."

"मग कोंबडी घरात शिरून घालून गेली व्हय?"

टरफल सगळं जळलं नव्हतं. टांगा येईपर्यंत राखेत त्यांना तुकडा सापडला होता, त्यांनी तो चुलीत टाकला होता.

"आधी सांगायचं हुतंस," त्या म्हणाल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "मी न्हाय म्हणले असते."

पहाटे मुलीनं उलटी केली. बदामाची. नर्सबाई म्हणाल्या, आता भ्यायचं कारण नाही. तिनं डोळे उघडून आधी आजीकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाली, "मी ओ नाही दिली."

त्या दुपारपासून माझ्या पोटात हालचाल नव्हती. मला वाटलं, झोपलंय. टांग्यानं दमलंय. कुणाला विचारायची भीती वाटत होती, विचारलं तर खरं होईल अशी. दुसऱ्या दिवशी नर्सबाईंनी पोटाला नळी लावून ऐकलं. नळी इकडं सरकवली, तिकडं सरकवली. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. मग त्यांनी नळी काढली आणि माझं लुगडं नीट केलं.

तीन दिवसांनी मी मोकळी झाले. मुलगा होता. अंडी त्याच्यासाठी होती.

घरात परत कधी बदामाचं भाजलं नाही. आत्यांनी गल्लीत कधी तोंड उघडलं नाही, आणि नर्सबाईंशी कधी बोलल्याही नाहीत.

त्या खोलीत आम्ही तीन जीव होतो. मुलगी जगली आणि मी जगले.