तिचा डावा पाय

वीस-बावीस वर्षं मी शाळकरी मुलामुलींच्या बास्केटबॉलच्या सामन्यांना पंच म्हणून उभा राहिलो आणि त्यातला बहुतेक वेळ मी पायांकडे बघत होतो. आठवडाभर कल्याणला एका कचेरीत कारकुनी आणि रविवारी शिट्टी घेऊन ठाकुर्लीहून ठाण्याला, असा माझा क्रम. घरचे चिडायचे. मला मात्र मैदानावर उभं राहिलं की बरं वाटायचं.

चेंडू हातात धरून थांबलं की एक पाय जमिनीला खिळल्यासारखा ठेवावा लागतो. त्याच्यावर गोल फिरा, दुसरा पाय हवा तिकडे टाका, पण तो पाय जागचा सरकला की ट्रॅव्हलिंग. पंचाने शिट्टी मारायची, दोन्ही मुठी छातीपुढे एकमेकींभोवती फिरवायच्या आणि चेंडू समोरच्या संघाला द्यायचा. लहान मुलांच्या सामन्यात हे इतक्यांदा होतं की बरेच पंच काणाडोळा करतात. मी करत नसे. त्याचा मला अभिमानही होता.

ती ठाण्याच्या एका शाळेकडून खेळायची. तेरा वर्षांची, सडपातळ, उंच. जुन्या ख्रिस्ती गावठाणात घर. वडील वारलेले, आई घरी शिवणकाम करायची. चर्चमधली रविवारची प्रार्थना आटोपली की आई त्याच चांगल्या साडीत तडक मैदानावर येऊन बसायची. मुलगी चेंडू घेऊन अशी काही वळायची की अंगावर आलेल्या दोघी-तिघी मागेच राहायच्या. पहिल्या वर्षी मी तिला एकदाही ट्रॅव्हलिंग दिल्याचं आठवत नाही.

दुसऱ्या वर्षी, गणपती होऊन पंधराएक दिवस झाले असतील, वर्तकनगरला सामना होता. तिने चेंडू घेतला, वळली, आणि तिचा डावा पाय वीतभर घसरला. मी शिट्टी मारली. ती चकित होऊन बघायला लागली.

"सर, मी पाय हलवला नाही."

"घसरला. डावा."

त्या दिवशी मी तिला तीनदा पकडलं. पुढच्या रविवारी चारदा. त्यांच्या संघाला खेळ शिकवणाऱ्या बाई कडक होत्या. "आळशी झालीयेस तू! पाय उचलत नाहीस, ओढतेस नुसती," असं त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. नंतर कळलं की त्यांनी खडूने जमिनीवर गोल काढून त्यात डावा पाय ठेवायला लावला होता आणि रोज शंभर वेळा वळायला सांगितलं होतं. आईने नवे बूट आणले. पाय घसरतच राहिला. दिवाळीनंतर उजवाही घसरायला लागला. हे मला दिसत होतं. इतकं स्पष्ट दिसत होतं की ती चेंडू घेऊन थांबली की माझा हात आधीच शिट्टीकडे जायचा.

डोंबिवलीला उपांत्य सामना होता. दोन्ही संघांचे गुण सारखे, शेवटचं अर्धं मिनिट उरलेलं. चेंडू तिच्याकडे आला. ती थांबली, वळायला गेली, आणि डावा पाय गेला. मी मुठी फिरवल्या. समोरच्या मुलींनी चेंडू नेऊन बास्केट केली आणि सामना संपला.

ती माझ्याजवळ आली. रडत नव्हती.

"सर, मी नाही करत. तो आपोआप जातो."

"नियम सगळ्यांना सारखा असतो, बाळा," मी म्हटलं आणि गुणपत्रकावर सही करायला वळलो.

पाठीमागे बाई तिला बोलत होत्या. आईही बोलली, पहिल्यांदाच. "एवढ्या बाई शिकवतात, तुझं लक्ष असतं कुठे?"

त्यानंतर ती खेळायला आली नाही. मला वाटलं, रुसली असेल. आपण जरा जास्तच कडक वागलो, असंही वाटलं, पण ते तेवढ्यापुरतंच.

थंडी संपता संपता तिची आई कल्याणला माझ्या कचेरीत आली. हातात मोठं खाकी पाकीट होतं. मी तिला बाकावर बसवलं. ती म्हणाली, "सर, मुलगी जिन्यावरून दोनदा पडली. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी नसांचा आजार सांगितलाय. पायापासून वर चढत जातो म्हणे. ते विचारतायत, हे कधी सुरू झालं. मला सांगता येईना. बाई म्हणाल्या, पंचांना विचारा, त्यांना नक्की ठाऊक असेल."

मला ठाऊक होतं. गणपतीनंतरचा वर्तकनगरचा सामना. आधी डावा. पंजा उचलला जात नव्हता, बाहेरच्या कडेवर घासत होता. मध्यंतरानंतर जास्त. दिवाळीनंतर उजवाही. मी सांगत गेलो आणि ती पाकिटाच्या मागे लिहीत गेली. मग तिचा हात थांबला.

"तुम्हाला एवढं सगळं दिसत होतं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

"मला वाटलं, सवय बिघडली," मी म्हणालो.

"आम्हालाही तेच वाटलं. मी एकदा हातसुद्धा उचलला तिच्यावर." एवढं बोलून तिने पदर तोंडाला लावला. कचेरीतली माणसं बघायला लागली. मी तिला पाणी आणून दिलं.

पुढच्या रविवारी मी सामना न घेता तिच्या घरी गेलो. ती ओट्यावर खुर्चीत बसली होती, पायांवर चादर. आई चहा करायला आत गेली. तेवढ्यात तिनेच विचारलं.

"सर, ते ट्रॅव्हलिंगच होतं ना? खरंच?"

नाही म्हणावं असं फार वाटलं. पण ती माझ्याकडे मैदानावर बघायची तशीच रोखून बघत होती.

"होतं," मी म्हणालो. "प्रत्येक वेळी होतं. पण तू मला सांगितलंस, पाय आपोआप जातो म्हणून, तेव्हा मी थांबून ऐकायला हवं होतं. ती माझी चूक."

तिने मान डोलावली. मग म्हणाली, "मला वाटायचं, तुम्हाला माझा राग येतो."

"नाही गं. तुझ्याएवढं सुंदर वळताना मी कुणाला पाहिलं नव्हतं."

ती हसली आणि चादर नीट करायला लागली. हातही थोडे थरथरत होते.

त्यानंतर मी महिन्यातून एकदा जात राहिलो. कुठल्या शाळेने कुणाला हरवलं ते तिला ऐकायचं असायचं. पहिल्या वर्षी ती मध्ये मध्ये प्रश्न विचारायची, नंतर नुसती ऐकायची, कारण बोलताना धाप लागायची. सोळा वर्षांची व्हायच्या आत ती गेली. दफनाला संघातल्या मुली शाळेच्या गणवेशात आल्या होत्या. बाईही होत्या. त्या माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. परतताना आईने मला बाजूला घेऊन सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, आधी कळलं असतं तरी काही उपाय नव्हता. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." तशा दिवशी तिने हे माझ्यासाठी लक्षात ठेवलं होतं.

उपाय नव्हता, हे मी मानतो. पण ते चार महिने पोरीला कुणी आळशी म्हणायला नको होतं. तिचा पाय जात होता, आणि आम्ही सगळे तिलाच रागावत होतो.

मी पंचगिरी सोडली नाही. ट्रॅव्हलिंगही देत राहिलो. फक्त एखाद्या पोराचा पाय पुन्हा पुन्हा घसरायला लागला की सामना संपल्यावर त्याच्याकडे जाऊन विचारायचो, "दुखतंय का रे? जड वाटतो का पाय?" बहुतेकदा बूट मोठ्या भावाचे निघायचे. मुलं हसायची, बाकीचे पंचही हसायचे. एकदा कल्याणला एका मुलीला मी चालून दाखवायला सांगितलं, तर तिचे शिक्षक माझ्यावर भडकले, म्हणाले, तुम्ही पंच आहात की डॉक्टर? मी म्हटलं, पंचच आहे, आणि त्या मुलीला पुन्हा एकदा चालून दाखवायला सांगितलं.