दार लावून शेकलेल्या बिड्या

"पिऊन पडलीया, डॉक्टर. या बायकांचं हे रोजचंच."

निपाणीच्या दवाखान्यात आमचा बिड्यांचा मुकादम असं म्हणाला. माझी आई स्ट्रेचरवर पडली होती. डोळे अर्धे उघडे, लुगडं ओकारीनं भरलेलं. जिनं आयुष्यात दारूचा थेंब चाखला नाही, ती बाई. आणि मी तिची लेक, उशाशी गप्प उभी. रिक्षातच त्यानं मला दम भरला होता, "कोळशाचं नाव काढलंस तर गल्लीत एकीलाबी पान देनार न्हाय."

पान म्हणजे घरी बिड्या वळायला मुकादम देतो ते. त्यावरच आमच्या गल्लीतल्या चुली पेटतात. पावसाळ्यात वळलेल्या बिड्या सर्द होतात, आणि सर्द बिड्या मुकादम तोंडावर फेकतो. शेकवून आणा, असं तोच सांगतो. मग बायका दार लावतात, ओल आत येऊ नये म्हणून खिडकीला पोतं लावतात. मध्ये कोळशाची शेगडी, वर बिड्यांची टोपली. डोकं दुखतं, मळमळतं. तंबाखू चढली, असं आम्ही सगळ्याच म्हणतो. त्या दुपारी आई आत एकटीच होती; मुकादम माल न्यायला आला तेव्हा मी दार उघडलं, तर ती शेगडीपाशी पडलेली.

डॉक्टरनं तिच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. आकडा चांगला आला. गालही लाल दिसत होते. "ऑक्सिजन ठीक आहे. सलाईन लावतो, उतरली की घरी न्या."

मुकादम हसला. माझ्या अंगाची आग आग झाली. आता घरी नेलं तर आई मरणार, एवढं मला कळत होतं.

"दारू न्हाय, कोळसा!" मी ओरडले. "दार लावून कोळशावर बिड्या शेकत हुती. ह्यानंच सांगिटलंय."

त्यानं माझा दंड धरला. "गप ए. लायकी बघून बोल."

मी दंड सोडवला आणि पुन्हा तेच ओरडले.

डॉक्टरचा चेहरा पडला. कोळशाचा वायू रक्तात ऑक्सिजनची जागा बळकावतो, चिमट्याला तो फरक कळत नाही. हे त्याला माहीत होतं. पण मुकादमाच्या शब्दापुढे त्यानं काही विचारलंच नव्हतं. त्यानं गच्च मास्क लावला, ऑक्सिजन पूर्ण सोडला, बेळगावला धाडलं.

तिथं घशात नळी घातली, श्वासाचं यंत्र लावलं. मग तिचं अंग गार करायला घेतलं. छातीला, मांड्यांना गार पाण्याच्या गाद्या गुंडाळल्या. मी चादर घालायला गेले तर डॉक्टरबाईंनी हात धरला. "मेंदूला मार बसलाय. गार ठेवून थोडा वाचतोय का बघतोय. खात्री देत नाही." एवढं गार अंग मी मेलेल्या माणसाचंच पाहिलं होतं. तिचा पाय हातात घेऊन मी रडले.

हळूहळू ऊब दिली. आई जगली. पण मला ती ओळखत नाही, आक्का म्हणून हाक मारते. लुगडं मलाच नेसवावं लागतं.

मुकादम घरी आला. "पोलिसांस्नी सांग, सैपाक करताना झालं. तुझं पान चालू ठेवतो."

मागे गल्लीतल्या बायका उभ्या होत्या. एकीनं हात जोडले. "पोरी, आमच्या पोटावर पाय दिऊ नगंस गं."

मला तिचा राग आला नाही. परवापरवापर्यंत मीही तिच्यासारखीच होते.

पोलिसांना मी सगळं सांगितलं, मुकादमासमोर. मराठीत, आणि इथल्या पोलिसांचे कागद कन्नडमध्ये, म्हणून नंतर कन्नडमध्येही, कुणाला अर्थ फिरवता येऊ नये म्हणून. पान बंद झालं. सगळ्या गल्लीचं. बायका मला शिव्या देतात. देऊ देत. कोर्टात बोलावतील तिथं जाईन आणि हेच बोलेन. आणि उद्या पान पुन्हा सुरू झालं, गल्लीत शेगडीचा वास आला, दार लावलेलं दिसलं, की मी ते लाथ मारून उघडेन. कुणाचंही असो.