असतील चाळीसेक

नंदाबाईच्या घरात मेंढ्या मोजत नसत. दिवस बुडताना कळप वाडग्यात शिरायला लागला की नंदाबाई दाराशी उभी राहायची, एकेकीच्या तोंडाकडं बघायची आणि शेवटी म्हणायची, "तांबडी मागं राह्यली, बघ जा." तांबडी खरंच मागं राहिलेली असायची. आकडा मात्र कुणी उच्चारत नसे. उच्चारला की घटतात. बाहेरच्या कुणी विचारलंच, तर अर्ध्याहून कमी सांगायचं, तेही तोंडातल्या तोंडात.

धावडा गावाच्या पुढं डोंगराला टेकून असलेल्या हटकरवस्तीत दैवशाला लग्न होऊन आली तेव्हा तिला हे ठाऊक नव्हतं. ती चौथी शिकलेली. पहिल्याच आठवड्यात तिनं बोट नाचवत, मोठ्यानं, कळप मोजला. चार दिवसांनी पावसात दोन कोकरं मेली. नंदाबाईनं ते अठरा वर्षं जपून ठेवलं.

माहेरहून तिला आंदण म्हणून दोन मेंढ्या मिळाल्या होत्या. बापानं त्यांच्या डाव्या कानाला कातर दिली होती, म्हणजे सासरच्या कळपात ओळखू याव्यात. म्हणाला होता, "भांडी फुटतात, लुगडं फाटतं. या मात्र वितात." त्या व्याल्या. दैवशाला व्याली नाही. नंदाबाई हे पाहुण्यांसमोर, चहा देता देता सांगायची. "मेंढ्या घेऊन आली त्या बराबर निघाल्या. संगं आली ती वांझ निघाली."

कल्याण, तिचा नवरा, सहा वर्षांपूर्वी मोठ्या रस्त्यावर गेला. कळप पलीकडं नेताना ट्रक आला. कल्याण आणि अकरा मेंढ्या. वस्तीवरून सगळे धावत गेले तेव्हा नंदाबाईनं आधी मेंढ्या ओळखल्या. मग मुलाला. मग सुनेकडं वळून ती म्हणाली, "तू आली तव्हा मोजल्त्या."

त्या अकरांत कातरलेल्या कानाच्या तीन होत्या. उरलेल्या दैवशालानं वाढवल्या. अडल्या मेंढीच्या पोटात हात घालून कोकरू काढायचं, मेलेल्याची कातडी जिवंतावर पांघरून त्याला दुसऱ्या आईला लावायचं, ही कामं वस्तीत तिच्याइतकी कुणाला जमत नसत. सगळा कळप तिच्या आवाजावर चालायचा. धाकटा दीर कारभारी ओरडून घसा बसवायचा आणि ती नुसतं "ह्यो ह्यो" म्हणायची. तिच्या स्वतःच्या एकोणीस झाल्या होत्या. लोकर, दोन-तीन कोकरं, एवढ्यावर तिचं लुगडं, औषध, चहा-साखर निघायची. जाऊ सुरेखाच्या आंदणाच्या नऊ होत्या. बाकी घराच्या. एकोणीस मेंढ्यांची मालकीण म्हणून त्या घरात तिला ताट मिळत होतं. ते तिलाही माहीत होतं, नंदाबाईलाही.

माघात अर्पिता म्याडम आल्या. पुण्याच्या कुठल्याशा संस्थेच्या. हातात पाटीएवढा मोबाइल. त्यांनी वस्तीला मारुतीच्या पारावर बसवून सांगितलं, की देशभरातल्या चराऊ रानांसाठी, तिथं जनावरं चारणाऱ्यांसाठी एक राष्ट्रीय धोरण ठरतं आहे. ते आधी थोड्या ठिकाणी करून बघायचं, आणि त्यातलं एक तुमचं गायरान.

"आजवर तुम्हाला कुणी विचारलं नाही. आता तुम्हाला विचारूनच ठरणार आहे."

लोकांना बरं वाटलं. म्याडम घरोघर हिंडल्या. नंदाबाईच्या ओट्यावर त्यांच्यासाठी सतरंजी अंथरली. सुरेखानं चहा केला. दैवशाला वाडग्यातून शेणाचा हात घेऊन आली आणि खांबाशी उभी राहिली.

"आजी, मेंढ्या किती तुमच्या?"

"हायेत की. असतील चाळीसेक."

"नक्की चाळीस?"

"असतील."

म्याडमनी मान खाली घातली, बोट पाटीवर ठेवलं. दैवशाला समजून चुकली, की हे तोंडातल्या तोंडात बोलणं नव्हे, हे लिहिलं जातंय. ती म्हणाली, "म्याडम, ब्याण्णव हायेत."

नंदाबाई उठली, दोन पावलं चालली आणि सुनेच्या तोंडावर चापट मारली. फार जोरात नाही. पाहुणी बसलीय म्हणून बेतानं.

"हिला शुद न्हाई, म्याडम. नवरा गेल्यापून डोकं फिरून राह्यलंय हिचं. गल्लीतल्या समद्यांच्या धरून मोजती. तुमी चाळीस लिवा."

अर्पितानं दैवशालाकडं पाहिलं. गालावर शेण लागलं होतं, कारण ती गाल चोळत होती. मग वाडग्याकडं पाहिलं. तिथं एवढं दाटीवाटीनं भरलेलं होतं, की पोरालाही दिसावं. पण शंकेची घरं म्हणजे पुन्हा एक फेरी, आणि दिवस मावळायच्या आत आणखी चौदा घरं करायची होती.

"कुटुंबप्रमुख सांगतात तेच मी घेते," ती म्हणाली आणि चाळीस लिहिलं.

ज्येष्ठात गायरानाला तार आली. डोंगराचे चार भाग पाडले, एक चरायचा, तीन राखायचे, दर दोन महिन्यांनी बदलायचे. दाराशी गावातलाच तातेराव राखणीला बसवला. घरटी पास आले आणि पासावरच्या आकड्याएवढे निळे बिल्ले, मेंढीच्या कानात ठोकायचे. नंदाबाईच्या घराला चाळीस.

पास वाटायला म्याडमच आल्या होत्या. सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यांनी सांगितलं, "बिल्ला नसलेली मेंढी आत जाणार नाही. आणि ज्या घरी पासापेक्षा एक जरी जास्त सापडली, त्या घराचा सगळा पास रद्द. गवत जेवढं, तेवढीच जनावरं. हा या धोरणाचा पाया आहे."

"पर आमच्या जास्त हायेत ना, म्याडम," कारभारी म्हणाला.

"तुमच्या आईंनीच सांगितलंय, दादा. आकडे दिल्लीला गेले. आता तीन वर्षांनी बदलतील."

वस्तीत बहुतेक घरांचं असंच झालं होतं. सगळ्यांनी तोंडातल्या तोंडात सांगितलं होतं. पावसाळ्याचे चार महिने शिवारात पेरण्या असतात, बांधावर मेंढी दिसली तर माणसं दगड घेऊन धावतात. गायरान सोडून दुसरी जागा नाही. राहिलेल्या काढाव्या लागणार, एवढं उघड होतं. कुठल्या, तेवढं ठरायचं होतं.

त्या संध्याकाळी नंदाबाई ओट्यावर बसली. कारभारी बिल्ल्यांची पिशवी घेऊन. सुरेखा भाकरी थापत होती, थापटीचा आवाज मध्येच थांबायचा. म्हणजे ती ऐकत होती.

"म्हाताऱ्या काढा," नंदाबाई म्हणाली. "लंगड्या काढा. ते झालं की हिच्या काढा."

"माह्या काहून, आत्याबाई?" दैवशाला म्हणाली. "म्हाताऱ्या माह्यात बी असतील त्या काढा. पर सगळ्याच?"

"आकडा कोण बोललं?"

"मी खरा बोलले. तो लिवला असता तर आज..."

"तू बोलली म्हणून घटल्या! मी पोटाला आठ पोरं काढली, कदी आकडा तोंडात घेतला न्हाई. तू आली तव्हा मोजल्या, दोन गेल्या. रस्त्यावर मोजल्या असशील, माहा ल्योक गेला. आता म्याडमम्होरं मोजल्या, अर्धा कळप गेला. ज्यानं नजर लावली त्याच्या आधी जातील."

कारभारीला यातलं सगळंच पटलं होतं असं नाही. पण हिशोब सोयीचा होता. "वयनी, तुमाला काय, दोन वक्त भाकर हायेच की," तो म्हणाला. "आमाला लेकरं हायेत."

"सुरेखाच्या राहतेत ना? तिनं बी आंदणातच आणल्या."

भाकरीची थापटी थांबली. सुरेखा चुलीकडं बघत म्हणाली, "बाई, माह्यावर काहून उठता? माहा नवरा हाय."

ती हे लागावं म्हणून बोलली नव्हती, आणि तेच जास्त लागलं.

"एक तरी ठेवा," दैवशाला म्हणाली. "मोगरी. बापानं दिल्त्या त्यातलीची नात हाय ती. एकच."

"एकीनं काय कळप व्हतो का?" नंदाबाई हसली. "जा, भाकर खाऊन घे. सकाळी टेम्पो येणारे."

सकाळी टेम्पो आला. मेंढ्या फळीवर चढेनात. कारभारीनं ओढल्या, व्यापाऱ्याच्या माणसानं शेपट्या पिरगळल्या, दोन उधळून परत वाडग्यात गेल्या. व्यापारी घड्याळ बघायला लागला. तेव्हा नंदाबाई आत आली. दैवशाला भांडी घासत होती.

"चाल. तुह्या आवाजाबगर चढून न्हाई राहिल्या."

दैवशालानं हात धुतले. फळीवरून ती आधी टेम्पोत गेली, वळली आणि म्हणाली, "ह्यो ह्यो." मोगरी पुढं आली. तिच्यामागं अठरा. कातरलेले कान एकेक करून आत शिरले आणि तिच्या गुडघ्यांना डोकी घासत उभे राहिले. मग तिला उतरायला जागाच उरली नाही. कारभारीनं तिला दंडाला धरून फळकुटावरून खाली ओढलं आणि कडी लावली.

त्यानंतर त्या घरात तिचं ताट बदललं. कुणी ठरवून बदललं नाही. आधी सगळ्यांबरोबर वाढलं जायचं, ते मागाहून वाढलं जायला लागलं. मग वाढलं जायचं बंद झालं, टोपलीत असेल ते तिनं घ्यायचं. चहा सांगावा लागायचा. एकदा तिनं सांगितला तर नंदाबाई म्हणाली, "मेंढीचं दूध हाय का तुह्या?"

आषाढात कळपात कोकरं झाली. सात जगली. विकायची सोडून कारभारीनं ती मागच्या पत्र्याच्या खोलीत लपवली. तीन वर्षं चाळीसावरच बसायचं तर म्हाताऱ्यांच्या जागी घालायला लागणारच. आणि लपवलेलं मोजायला येतंय कोण? तार नसलेल्या ओढ्याकाठचं गवत कापून आणायचं काम दैवशालाकडं आलं. दोन भारे सकाळी, एक संध्याकाळी. बोटांना पानं चिरायची. त्या अंधाऱ्या खोलीत ती शिरली की सातही तिच्या अंगावर चढायची, लुगड्याचा सोगा चोखायची.

दसऱ्याला तिनं विचारलं. तीन महिने ते वाक्य तिनं मनात घोळवलं होतं.

"आत्याबाई, सातातलं एक मला द्या. पांढऱ्या टिकल्याचं. मीच वाढवून राह्यले त्यांना."

नंदाबाई पुरण वाटत होती. हात न थांबवता म्हणाली, "नवरा न्हाई, लेकरू न्हाई. मेंढी कुणासाठी करायची तुला? मेल्यावर संगं नेणार?"

"कान कातरते फक्त. राहील तिथंच."

"कारभाऱ्यानं कालच सातांचे उजवे कान कातरले. जाऊन बघ."

तिनं जाऊन पाहिलं. पांढऱ्या टिकल्याच्या उजव्या कानावर रक्त सुकलं होतं. तिनं ते पदरानं पुसलं, गवत टाकलं आणि भांडी घासायला गेली.

दिवाळी झाल्यावर अर्पिता म्याडम पुन्हा आल्या. या वेळी फोटो काढणारा बरोबर होता. धोरणाचा अहवाल निघणार होता आणि त्यात एका कुटुंबाची गोष्ट घालायची होती, स्वखुशीनं कळप कमी करून गायरान जगवणाऱ्या कुटुंबाची. वाकडं न बोलणारं घर म्हणून वरून नंदाबाईचं नाव आलं होतं. नंदाबाई नवं लुगडं नेसली. कारभारीनं फेटा बांधला. डोंगर खरंच हिरवा दिसत होता, फोटोवाला सारखा तिकडं बघत होता.

"आजी, फॉर्मसाठी फक्त. आता किती आहेत?"

"असतील चाळीसेक," नंदाबाई म्हणाली. ओट्याभोवती जमलेली वस्ती हसली. आता हा विनोद झाला होता.

दैवशाला ओढ्यावरून भारा घेऊन आली. तिनं तो ओट्यापाशी, फोटोवाल्याच्या पायाशी टाकला. भारा एवढा मोठा होता, की कारभारीचं हसू आधी थांबलं.

"सत्तेचाळीस," ती म्हणाली.

"ए दैवशाले!"

"सत्तेचाळीस, म्याडम. सात आत हायेत."

अर्पितानं ओठांवरून जीभ फिरवली. "ताई, राहू द्या. आज आपण चांगल्या कामासाठी आलोय. कुटुंबप्रमुख सांगतात तेच..."

"मागच्या टायमाला बी मी खरंच सांगितल्तं. तुमी वाडग्याकडं बघितलं बी व्हतं. तव्हा लिवलं न्हाई. आता लिवा."

"म्याडम, डोकं फिरलंय हिचं..." नंदाबाई उठली. तिचा हात वर गेला होता. पण दैवशाला खांबाशी उभी राहिली नव्हती. ती मागं गेली होती. पत्र्याचं दार उघडल्याचा आवाज आला आणि मग "ह्यो ह्यो".

सात कोकरं उन्हाला डोळे मिचकावत तिच्यामागून अंगणात आली. एकाच्याही कानात बिल्ला नव्हता. तिनं एकेकाच्या डोक्यावर हात ठेवला आणि शाळेतल्यासारखं, स्वच्छ, मोठ्यानं मोजलं. एक. दोन. तीन. नंदाबाईनं दोन्ही कान दाबून धरले. कारभारीनं पुढं होऊन चारावर तिच्या पाठीत बुक्की घातली. ती वाकली, पण पाच म्हणाली. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली केला. अर्पितानं सात होईपर्यंत थांबून पाटीवर बोट ठेवलं. आता तिला दुसरं काही लिहिता येत नव्हतं, बघणारे फार होते.

चौथ्या दिवशी तातेराव पक्कड घेऊन आला. पास रद्द म्हणजे बिल्ले परत. मेंढ्या त्याच्या हाताला लागेनात, त्याला बघून भिंतीशी गोळा व्हायच्या.

"कुणीतरी धरा," तो वैतागून म्हणाला.

दैवशाला वाडग्यात गेली. एकेकीचं तोंड तिनं मांडीवर घेतलं, हनुवटीखाली खाजवलं, आणि तातेरावनं पकडीनं बिल्ला तोडला. चाळीस. त्यात सुरेखाच्या नऊ होत्या. सुरेखा दाराशी पदर तोंडात धरून उभी होती. "बाई, माह्या काहून? म्या काय केल्तं?" ती दोनदा म्हणाली. दैवशालानं पुढची मेंढी ओढून घेतली.

शेवटचा बिल्ला निघाला तेव्हा ऊन कलतं झालं होतं. नंदाबाई ओट्यावरच होती. आवाज बसला होता तिचा.

"सवाशे वर्साचं घर खाल्लंस, रांडे. आता तू खाशील काय?"

दैवशाला लुगड्यावरचं रक्त बघत होती. थोडंच होतं, कानांचं.

"तुमी खासाल तेच," ती म्हणाली. "मागाहून."