जुलैतल्या करंज्या

आमच्या सासूबाई देवाला अळणी भाजीची शिक्षा द्यायच्या. खायचो आम्ही, पण शिक्षा देवाला असायची. मागितलेलं त्याने वेळेत दिलं नाही, की त्या दिवशी भाजीत मीठ पडत नसे. सगळे ताटावर बसले, की त्या हात जोडून, डोळे मिटून, अगदी घरच्या सुरात सांगायच्या, "प्रभू, आजची भाजी अळणी हाय. का हाय ते तुला ठाव हाय. आमेन." मग आम्ही मुकाट्याने ती भाजी गिळायचो. उन्हाळ्यात तर हे फार व्हायचं, कारण लातूरच्या नळाचं आणि बाईंचं कधी पटलं नाही. देवाकडे त्या पाऊस मागतच नसत. "ढग-बिग राहू दे, तू आपला टँकर पाठव," म्हणायच्या. टँकर गल्लीत शिरला, की संध्याकाळच्या भाजीत मीठ परत यायचं.

सगळी गल्ली त्यांना बाई म्हणायची, म्हणून मीही बाईच म्हणू लागले. मी नांदेडची. लग्न ठरलं तेव्हा मला सांगितलं होतं की सासू फार धार्मिक आहे, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसते. मी मनात एक शांत, हळू बोलणारी, पांढऱ्या केसांची बाई रंगवून आले. केस पांढरे होते. बाकी माझी साफ फसवणूक झाली.

बाईंच्या स्वयंपाकघरात घड्याळ नव्हतं. वेळ प्रार्थनेवर मोजला जायचा. लाडवाचा पाक व्हायला प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणायची, घाईने म्हटली तर पाक कच्चा. शेजारच्या वहिनींनी एकदा दिवाळीत पाकाची खूण विचारली, तर बाईंनी तीच सांगितली. वहिनींना आमची प्रार्थना कुठली यायला! त्यांनी आपलं रोजचं स्तोत्र म्हटलं. ते संपेपर्यंत पाकाचा दगड झाला. पातेलं घेऊन त्या रडवेल्या होऊन आल्या, तेव्हा बाईंनी चमच्याने पाकावर टकटक करून निकाल दिला, "तुमचं लई लांब हाय वहिनी. देवाला तुमचंच म्हणा, पाकाला आमचं म्हणा." वहिनींनी खरोखर ती पाठ केली. त्यांचे यजमान दर दिवाळीला स्वयंपाकघराच्या दारात जरा चिंतेत उभे असतात, पण लाडू उत्तम होतात, त्यामुळे काही बोलत नाहीत.

पाद्रीसाहेबांचीही सुटका नव्हती. तरुण माणूस, नवीनच आलेले, प्रार्थनेचा भारी उत्साह. पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले, तेव्हा ताटावर बसून त्यांनी आधी आमच्या घरासाठी, मग मंडळीसाठी, मग जिल्ह्यासाठी प्रार्थना केली. देशावर आले आणि क्षणभर श्वास घ्यायला थांबले. बाईंनी तेवढ्यात खणखणीत "आमेन" म्हटलं आणि त्यांच्या ताटात रस्सा वाढला. पाद्रीसाहेब डोळे उघडून बघतच राहिले. "देवाला कळलं पाद्रीसाहेब," बाई म्हणाल्या, "पण भाकरी कडक होऊन राहिली." त्यानंतर आमच्याकडची त्यांची प्रार्थना जिल्ह्याच्या पुढे कधी गेली नाही.

अशा या बाई एकाच माणसापुढे हरल्या. ते माणूस म्हणजे त्यांची धाकटी जाऊ, आमची सुलूकाकू.

दोघींचं जुनं होतं. एकाच घरात त्या सुना म्हणून आल्या, एकाच चुलीवर भाजल्या-पोळल्या. नाताळच्या आठवड्यात दोघी मिळून करंज्या करायच्या आणि भांडायच्या. बाई सारण भरायच्या, काकू कड दाबायची, आणि तेलात करंजी उघडली की दोष कोणाचा यावर दुपार जायची. पंचवीस तारखेला उपासनेवरून आल्यावर मात्र दोघी एका ताटात जेवायच्या. पुरुष, पोरं, पाहुणे सगळे उरकले, की स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायच्या. त्या ताटाला कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत. आत काय बोलणं चालायचं ते त्या दोघींनाच ठाऊक, पण हसण्याचा आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत यायचा.

पुढे काकांची नांदेडला बदली झाली, तरी काकू नाताळला यायचीच. मग काका तिथेच वारले. काकू एकटी पडली. तिच्या घराजवळ एका दुकानाच्या माडीवर एका नव्या पंथाची मंडळी प्रार्थनेला जमायची. त्यांनी तिला आधार दिला, तिच्याबरोबर बसले, रडले. काकू तिकडची झाली. त्यांच्या रीतीप्रमाणे अंगावरचं सोनं उतरवलं, पांढरी साडी नेसू लागली, आणि एका नोव्हेंबरात फोन करून म्हणाली, "आक्का, मी आता सण पाळत न्हाई. नाताळ बी न्हाई. शास्त्रात कुठं लिहिलंय नाताळ करा म्हणून?"

"शास्त्रात फोडणी बी न्हाई लिहिलेली," बाई म्हणाल्या. "म्हणून काय जन्मभर उकडलेलं खातीस?"

फोन ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमच्या नांदेडनं बिघडवली तिला." जणू मीच माहेरी जाऊन माडीला जिना बांधून आले होते.

त्या डिसेंबरात बाईंनी करंज्यांचा डबा भरून नांदेडच्या एसटीने आमच्या ह्यांच्याबरोबर पाठवला. डबा जसा गेला तसा परत आला. झाकणावरची चिकटपट्टीसुद्धा काढलेली नव्हती. पंचवीस तारखेला बाईंनी सवयीने मोठ्या ताटात दोघींचं वाढून घेतलं. दार लोटलं. आतून नेहमीचा हसण्याचा आवाज आला नाही. त्यांनी रागाच्या भरात दोघींचं जेवण एकटीने संपवलं आणि रात्रभर सोड्याचं पाणी पीत बसल्या. "सुलूमुळं पित्त झालं," असं सकाळी देवाला सांगितलं. भाजी आठवडाभर अळणी होती.

मला वाटलं, संपला विषय. पण बाईंनी त्याचा अभ्यास केला. दोष करंजीत नाही, नाताळात आहे, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. मग नाताळ काढून टाकू, करंजी ठेवू. त्यांनी कॅलेंडर काढून बारा महिने तपासले. आमचा, शेजारच्यांचा, कोणाचाच सण नाही असा कोरडा ठणठणीत आठवडा जुलैत सापडला. बाहेर चिखल, घरात माश्या, आणि आम्ही सासू-सून करंज्या तळतोय. वहिनी खिडकीतून म्हणाल्या, "काय बाई, आज काय विशेष?" बाई ओरडल्या, "काहीच न्हाई! काहीच विशेष न्हाई! ध्यानात ठेवा, साक्ष द्यावी लागंल!"

डबा घेऊन या वेळी मी गेले. काकूने मला पाणी दिलं, माहेरच्यासारखं जवळ बसवलं आणि डब्याकडे बघत विचारलं, "कशानिमित्त केल्यात?" मी फोन लावून दिला. बाईंनी खुशाल सांगावं ना की साखर उरली होती म्हणून! पण बाई देवाशी भांडत असल्या, तरी खोटं बोलत नसत.

"तुझ्यानिमित्त केल्यात सुलू."

काकूने डब्याच्या झाकणावरून हात फिरवला. "आक्का, मग तो बी सणच झाला की," म्हणाली. आणि डबा तसाच माझ्याकडे सरकवला. मी तो मांडीवर घेऊन लोहा, अहमदपूर करत परत आले. माझा राग दोघींवरही होता, आणि तो मी एसटीत चार करंज्या खाऊन काढला.

बाईंनी आणखी एक डाव टाकला. खोबऱ्याच्या वाट्या, रवा, साखर, तूप, सगळं सुटं बांधून पाठवलं आणि निरोप दिला, "मी काहीच केलेलं न्हाई. हा किराणा हाय. किराण्याला धर्म नसतो." तो किराणा काकूने घेतला. पंधरवड्याने नांदेडहून डबा आला, आणि त्यात काकूने केलेल्या करंज्या. मी आनंदाने ओरडलेच. म्हटलं, बाई, मिटलं एकदाचं, खा.

बाईंनी डबा उघडला, एकेक करंजी उलटीपालटी करून बघितली, झाकण लावलं आणि डबा कपाटावर ठेवला. "मी बिनसणाची करंजी खात न्हाई," म्हणाल्या.

"अहो, तुम्हीच जुलैत केल्या होत्या ना!"

"त्या तिच्यासाठी. मला नेम हाय. येशूच्या जन्माची गोड गोष्ट असंल तरच मी करंजी तोंडात घालते. तिला तिचा नेम हाय, तर मला न्हाई होय?"

मी कपाळावर हात मारून घेतला. पुढची वर्षं हे असंच चाललं. एकीला सण नको, दुसरीला सणाशिवाय नको. लग्नकार्यात भेटायच्या, एकमेकींची तब्येत विचारायच्या, गोळ्यांची नावं सांगायच्या आणि जेवायला वेगवेगळ्या पंगतीत बसायच्या. मी एकदा म्हटलं, साधी भाकरी तरी खा एका ताटात. बाई म्हणाल्या, "एक घास गिळून बाकीचं भांडण पोटात ठेवायचं का? खायचं तर समदं, न्हाईतर काहीच न्हाई." आणि मग भाकरी थापता थापता, परातीकडे बघत, इतक्या हळू की मला वाटलं देवाशीच बोलताहेत, "मरायच्या आधी एकदा बसली पाहिजे ती माझ्याजवळ जेवायला. बाकी मला काय मागायचं न्हाई आता." त्या दिवसापासून आमच्या घरात भाजीचं मीठ कधी चुकलं नाही. बाईंनी टँकरसाठी भांडणंही सोडून दिलं. मला ते मुळीच आवडलं नाही. त्या मीठ न घालता भांडायच्या तेव्हा मला जास्त निर्धास्त वाटायचं.

गेल्या जुलैत बाई गेल्या. सकाळी चहाचं आधण ठेवलं, ओट्याला टेकल्या आणि मला म्हणाल्या, "तू बघ गं जरा." मी चहा गाळून वळले, तर त्या खुर्चीत बसूनच गेल्या होत्या. मी कितीतरी वेळ कप हातात धरून उभी होते. त्यांचा चहा निवतोय, एवढंच मला सुचत होतं.

नांदेडला फोन गेला. दुपारपर्यंत काकू यायला हवी होती. आली नाही. पेटी बंद करायची वेळ झाली तरी नाही. पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली, की बघा, धर्म बदलला नाही पण माणूस बदललं. शेवटी आम्ही निघालो आणि कबरस्तानाच्या फाटकाशीच काकू रिक्षातून उतरली. पांढरी साडी घामाने भिजलेली, छातीशी पिशवी धरलेली. तिने पिशवी माझ्या हातात दिली आणि कबरीपाशी येऊन मूठभर माती पेटीवर टाकली. पिशवी अजून कोमट होती.

घरी परत आलो तेव्हा वहिनींनी कडू घासासाठी पिठलं-भाकरी आणून ठेवली होती. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी आणतात ते चार घास खायचे, ही पद्धत आमच्यातही आहे. सगळे खाली मान घालून बसले. काकूने पिशवीतून डबा काढला आणि झाकण उघडलं. करंज्या. त्यातल्या निम्म्या तेलात उघडलेल्या.

"अगं बाई!" वहिनींच्या तोंडून गेलं. "मयताच्या घरी गोड?"

ह्यांच्या मामींनी पदर तोंडाला लावला. ह्यांना तर राग आवरेना. "काकू, आई गेल्याचा फोन आला आणि तू तळत बसलीस?"

"बसले," काकू म्हणाली. "म्हणून तर उशीर झाला." मग ती पाद्रीसाहेबांकडे वळली. "पाद्रीसाहेब, माती देताना तुम्ही काय बोललात? आक्का देवाघरी गेली, तिथं रडणं न्हाई, आनंद हाय, मेजवानी हाय. खरं का खोटं?"

"खरं आहे," पाद्रीसाहेब म्हणाले.

"म्हणजे आक्काला आज सण हाय."

काकूने डबा पुढे ओढला.

"अन् मला?" काकू म्हणाली. "मला कसला सण आलाय आज? लई शोधला तरी सापडायचा न्हाई असा दिवस हाय माझा. तिला सण हाय, मला न्हाई. तिचा बी नेम मोडत न्हाई, माझा बी न्हाई. ताट दे पोरी, मोठं ताट दे."

मी मोठं ताट दिलं. काकूने त्यात करंज्या मांडल्या, भिंतीकडची जागा रिकामी सोडून बसली आणि पहिला घास घेतला. मग एकेकाने हात पुढे केला. पाद्रीसाहेबांनी घेतली, मामींनी घेतली, ह्यांनी डोळे पुसत घेतली. वहिनी म्हणाल्या, चांगल्या झाल्यात. पाद्रीसाहेबही म्हणाले, उत्तम झाल्यात. जो तो काकूला चांगल्या झाल्यात, चांगल्या झाल्यात म्हणू लागला, आणि काकूचा चेहरा पडतच गेला. तिने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली.

"तू सांग," म्हणाली. "तू तिच्या हाताखालची हायस. खरं सांग."

मी घास गिळला. "साखर घालताना हात आखडलात काकू तुम्ही," म्हटलं, "आणि मोहन थंड घातलंय. अशानं पारी चिवट होते. इतक्या वर्षांत एवढंही शिकला नाहीत?"

काकू माझ्याकडे बघत राहिली, आणि मग फाटकाशी उतरल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडली.