आधी एकच फोन

तात्यांनी हात दिला म्हणून मी आज नोएडात आहे, हे आधी लिहून ठेवते. काय घडलं ते त्यानंतर सांगते. ते सांगताना माझी जीभ अजून अडखळते.

तात्या म्हणजे बारामतीच्या स्टँडामागचे मोबाईलवाले. वालचंदनगरच्या कारखान्यात फिटर म्हणून उभी हयात घालवली आणि निवृत्त झाल्यावर हे काउंटर टाकलं. सणसरच्या विहारातली वंदना आटपून सकाळच्या एसटीनं यायचे. फोन हातात आला की उघडण्याआधी गिऱ्हाइकाला विचारायचे, "ह्यो घरात कोण कोण वापरतं?" म्हातारी वापरत असेल तर अक्षरं मोठी करून द्यायचे, बिघाडाचं नंतर. एकदा एकजण वैतागून म्हणाला, "तात्या, फोन दुरुस्तीला आणलाय, सोयरीक जुळवायला न्हाय." तात्या मान वर न करता म्हणाले, "सोयरीकच हाय. पाच वर्सं नांदवायचाय."

मी कळंबची. दहावीला गणितात दोनदा आपटले, तिसऱ्यांदा फॉर्मच भरला नाही. बायका आपले फोन पुरुषांच्या हातात द्यायला कचरतात, म्हणून तात्यांना काउंटरवर बाईमाणूस हवं होतं. पहिल्या दिवशी माझ्याकडून एक स्क्रू काढून घेतला आणि म्हणाले, "तुज्या हाताला थरथर न्हाय, तोंडाला हाय. तोंडाची जाईल." अजून गेलेली नाही.

त्याच सुमारास एका देशी कंपनीनं तात्यांना आपलं सर्व्हिस सेंटर दिलं. कंपनीचं म्हणणं मोठं होतं. फोनही आपला आणि आतली सगळी यंत्रणाही आपली, मराठीत चालणारी, वर्षानुवर्षं सुधारत राहणारी. तात्यांचा विश्वास बसला. त्यांच्या शब्दावर सणसर-कळंबच्या कितीतरी घरांत तोच फोन गेला. मग एक रीतच पडली. अपडेटची सूचना आली तरी कुणी स्वतः बटण दाबायचं नाही. बाजाराच्या दिवशी गल्लीतले फोन एका पिशवीत भरून, मागं नावाची चिठ्ठी चिकटवून, तात्यांकडं आणायचे. तात्यांचा नियम ठरलेला होता. "आधी एकच फोन. त्यो एक दिस वापरायचा. मग बाकीचं." कारखान्यात पहिला नग बसवून बघितल्याशिवाय दुसऱ्याला हात लावत नसत, ते अंगात मुरलेलं.

एका बाजाराच्या दिवशी तात्यांना कंपनीच्या बैठकीला पुण्याला जायचं होतं. ते निघायच्या आधीच तीन पिशव्या आल्या. लोक फोन ठेवून बाजारात गेले, दुपारच्या एसटीनं परत जायचं म्हणून घाई करून गेले. तात्या गेल्यावर मला वाटलं, कंपनीचंच तर आहे, काय होणार? सगळे फोन ओळीनं लावले आणि एकामागून एक बटण दाबत गेले. अर्ध्याहून जास्त फोन कंपनीच्या चिन्हावर येऊन अडकले. बंद व्हायचे, चालू व्हायचे, परत तिथंच. लोकांना मी खोटंच सांगितलं की उद्या मिळतील.

तात्या संध्याकाळी आले. ओळ बघितली, खुर्चीत बसले. सकाळी माणसं जमली तेव्हा मी कव्हरांच्या खोक्यांआड उभी होते. तात्या म्हणाले, "बटन मी दाबलं. चूक माजी हाय."

"तुमी तर पुण्याला हुता," कुणीतरी म्हणालं.

"जाताना लावून गेलो."

आयुष्यात खोटं न बोललेला माणूस हे बोलला, आणि लोकांनी ते खरं धरलं. फोन आठ दिवसांत सुरू झाले, पण कोरे. कळंबच्या एका बाईच्या फोनात शेताच्या मोजणीच्या दिवशी काढलेले हद्दीच्या खुणांचे फोटो होते. दिराशी वाद चालू होता, तेवढाच पुरावा. ती भांडली नाही. रिकामा फोन पदराला पुसून निघून गेली. त्यानंतर पिशव्या यायच्या थांबल्या. समोरचा चहावाला येताजाता विचारायचा, "काय तात्या, नांदला का फोन?" तात्या चहा घेऊन कामाला लागायचे.

मला एवढंच म्हणाले, "का दाबलंस ते इचारत न्हाय. कवा दाबायचं न्हाय, ते आता तुला कुनी शिकवायला नको."

पुढं कंपनीचा माणूस चौकशीला आला. कोणतं मॉडेल अडकलं, कोणतं सुटलं, हे मी वहीत उतरवून ठेवलं होतं. अडकले ते सगळे जुन्या चिपचे. त्यानं वही कुणाची विचारलं. तात्यांनी मला पुढं केलं. "हिला घिऊन जावा. फोन बनवणारी तुमच्याकडं लई असतील. बिघडलेल्या फोनची रांग बघितलेलं कुनी न्हाय." सेंटर मात्र कंपनीनं काढून घेतलं.

इथं नोएडात कंपनीच्या चाचणी विभागात बसल्यावर कळलं की कंपनी लबाड नव्हती. माणसं हुशार आहेत, राबतात. पण नवं मॉडेल बाजारात न्यायची तारीख आधी ठरते आणि सॉफ्टवेअरवाल्यांच्या वाट्याला उरलेले दिवस येतात. प्रत्येक मॉडेलची चिप वेगळी, म्हणून तेच काम प्रत्येक वेळी नव्यानं. जुन्याचं निस्तरण्याआधीच त्यावरची माणसं नव्यावर हलवतात. मी आल्यापासून तिसरे साहेब आले, आणि प्रत्येकानं यंत्रणेला नवं नाव दिलं. जुन्या फोनला वाली कुणीच नाही.

परवा जुन्या मॉडेलांचं अपडेट माझ्या टेबलावर आलं. तारीख जाहीर झालेली. एका फोनवर घातलं, एक दिवस थांबले. फोन अडकला. मी तक्त्यात 'थांबवा' लिहिलं. साहेबांनी बोलावून विचारलं, असे जुने फोन आता वापरतं तरी कोण? मी म्हटलं, आमच्याकडं वापरतात. ते ओरडले नाहीत, बैठकीत बघू म्हणाले. माझा करार या महिन्याअखेर संपतोय. तात्यांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लिवलंस ना? मग जेव आता."

जेवले.

करार वाढो न वाढो, मी बारामतीला जाणार आहे. बाजाराच्या दिवशीच जाणार. त्या चहावाल्यासमोर, कळंबच्या त्या बाईसमोर उभी राहून सांगणार की तात्या त्या दिवशी पुण्याला होते, बटण मी दाबलं होतं. तात्या रागावतील. रागावू देत. त्यांनी माझ्यासाठी घालवलेलं नाव मला त्यांच्या हयातीत त्यांना परत द्यायचं आहे.