फुलाफुलांचा कप

'निरागस' हा शब्द कानावर पडला की मला हल्ली मळमळतं. पूर्वी असं होत नव्हतं. शनिवार पेठेत एका संपादकांच्या खोलीत बसून तासाभरात हा शब्द इतक्यांदा ऐकला, की पाकातल्या जिलब्या कोणी बळंच कोंबाव्यात तसं झालं.

माझी कादंबरी त्यांच्या टेबलावर होती. खडकीला कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये लहानाची मोठी होणारी एक मुलगी, तिची गोष्ट. म्हणजे माझीच, नाव तेवढं बदललेलं. संपादक सत्तरीचे, बोलणं असं मऊसूत की भांडायचीही चोरी.

"ताई, कादंबरी उत्तम आहे. फक्त ते हळदीकुंकवाचं प्रकरण काढून टाका."

"का बरं?"

"अहो, तिथे मुलीला सगळं कळतं. कळलं की निरागसपण गेलं. तो फुलाफुलांचा कप किती गोड आहे! तिला शेवटपर्यंत तसाच गोड वाटू द्या की."

"आणि जे खरं घडलं त्याचं काय करू?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची. बाकी, कळतंच हो सगळ्यांना."

सगळ्यांनाच कळतं, तर झाकायचं कोणापासून, डोंबल?

त्या कपाबद्दल सांगते. आमच्या घरी आम्ही चहा प्यायचो स्टीलच्या, पोचे आलेल्या भांड्यांतून. पाहुण्यांसाठी साध्या पांढऱ्या कपबश्या. आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत, सगळ्या भांड्यांपासून लांब, एकच सुंदर कप पालथा घातलेला असायचा. त्यावर गुलाबी फुलं होती आणि कडेला सोनेरी रेघ. तो माझ्या मैत्रिणीचा. ती मागच्या ओळीतल्या क्वार्टरमध्ये राहायची. तिचे अब्बा आणि माझे वडील एकाच खात्यात, एकाच पाळीला. ती आली की आई त्या कपात चहा ओतायची, तोही वरून, कपाला भांडं न टेकवता. चहा पिऊन झाला की मैत्रीण मोरीत जाऊन कप स्वतः विसळायची आणि खिडकीत होता तसा पालथा घालायची.

"बघ, किती वळण आहे पोरीला! नाहीतर तू," असं आई मला ऐकवायची.

मी जळायचे. एकदा हट्ट धरून बसले की मलाही त्याच कपातून हवा. आई म्हणाली, "तो तिच्यासाठी राखून ठेवलाय." माझी समजूत पटली. आपल्या मैत्रिणीचा आपल्या घरी केवढा मान आहे, या विचाराने मी गल्लीभर मिरवले. आज ते आठवलं की अंगावर शहारा येतो. वळण म्हणे! आपण विटाळ पाळायचा, आणि त्याचे कष्ट एका लहान पोरीकडून करून घेऊन वर तिला शाबासकी द्यायची. शी!

मग ते संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. बायका जास्त आल्या, कप कमी पडले. आई बाहेरच्या खोलीत कुंकू लावत होती. कारखान्यातल्या बड्या साहेबांच्या बाईसाहेब आल्या होत्या, त्यांना कॉफी द्यायची राहिली होती. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एवढ्या मोठ्या बाई, त्यांना घरातला सगळ्यात चांगला कपच द्यायला हवा! मी खिडकीतला कप घेतला, कॉफी ओतली आणि मोठ्या ऐटीत त्यांच्या हातात नेऊन दिली.

त्यांनी दोन घोट घेतले तेव्हा आईचं लक्ष गेलं.

"अगं कार्टे! तो तिचा कप!"

'ती' दारातच उभी होती, हातात अम्मीने पाठवलेलं तिळगुळाचं ताट घेऊन. खोलीतल्या सगळ्या बायकांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग कपाकडे. बाईसाहेबांना क्षणभराने उमगलं. त्या तोंडावर पदर धरून मोरीकडे धावल्या आणि चुळांवर चुळा भरायला लागल्या. खाकरणं, थुंकणं, पुन्हा चूळ. आई पाठीशी तांब्या घेऊन उभी. "पोर आहे हो, तिला काय कळतंय," असं म्हणत आई अजीजीने पाणी ओतत होती. तो आवाज मला अजून ऐकू येतो आणि अजून तितकीच किळस येते. मग सगळ्या पुन्हा येऊन बसल्या आणि एकमेकींना म्हणाल्या, तिळगूळ घ्या, गोड बोला!

कादंबरीत हे सगळं लिहिलं होतं. मैत्रिणीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, तिच्या हातून ताट पडलं, ती रडत घरी पळाली, इथे ते प्रकरण संपत होतं. मला ते तसंच आठवत होतं.

संपादकांनी निघताना शेवटचा बाण मारला. "माझं सोडा. त्या मैत्रिणीचा तरी विचार करा. तिला वाचून किती लागेल!"

तळपायाची आग मस्तकात गेली. तिची काळजी यांना! पण शब्द टोचला होता. तिच्याच आयुष्यातला तो दिवस. छापायचा की नाही हे तिनेच सांगावं. तिने नको म्हटलं तर प्रकरण काढायचं, असं मनाशी ठरवून मी दुसऱ्या दिवशी खडकीला गेले. ती अजून तिथेच राहते. शाळेत शिकवत होती, आता निवृत्त झाली आहे. तिने चष्मा लावला, पानं वाचली आणि शिक्षिकेच्याच आवाजात म्हणाली, "हे खोटं आहे."

"कुठलं?"

"मी रडले नाही. ताटही पाडलं नाही. तुझ्या आईने खाली ठेवलेला तो कप मी उचलला आणि बाईसाहेब मोरीतून बाहेर आल्यावर विसळून ठेवला. रोजच्यासारखा."

"अगं, पण त्या दिवशी तुला कळलं असेल ना..."

"मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुमच्याकडे पहिल्यांदा खेळायला आले ना, तेव्हा अम्मीने उंबऱ्यातच सांगितलं होतं. चहा दिला तर घे. कप आपण धुवायचा. दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही."

"मग कशाला येत होतीस? आणि मला का नाही सांगितलंस? इतकी वर्षं!"

"यायचे कारण तुझ्याशी खेळायचं होतं," ती म्हणाली. "आणि सांगणार काय? मला चांगला कप मिळतो म्हणून तू किती खूश असायचीस! सगळ्यांना सांगत सुटायचीस. तुझं तोंड उतरलं असतं."

ती सहा-सात वर्षांची होती तेव्हा! आईने खोटं बोलून माझं बालपण जपलं असं मी आजवर समजत होते, त्याचा रागही करत होते. जपत होती ही.

"छापू की नको?" मी विचारलं.

"छाप. पण मला रडवू नकोस."

घरी येऊन त्या प्रकरणाचं शेवटचं पान फाडलं आणि नव्याने लिहिलं. संपादकांना फोन करून सांगितलं, प्रकरण राहील, नाहीतर कादंबरी परत पाठवा.

"अहो ताई, पण मग त्या मुलीच्या निरागसपणाचं काय?" ते कळवळून म्हणाले.

"कुठल्या मुलीच्या?" मी विचारलं.

"म्हणजे? मुलगी तर एकच आहे ना?" ते म्हणाले. दोन मुली आहेत, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.